टीव्हीचं चित्र 'लावणं' आणि 'ब्राइटनेस'चा घोळ

प्रश्न : टीव्हीच्या चित्राच्या कॅलिब्रेशनला मराठीत काय म्हणावं? परिभाषेत 'अंशशोधन' आहे, पण ते तापमापीला शोभतं. शिवाय मेनूतल्या ब्राइटनेस आणि शार्पनेसला 'उजळपणा', 'तीक्ष्णता' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : पडद्यावर मीटर टेकवून लाल-हिरवा-निळा जुळवतात, त्या कामाला 'अंशशोधन' ठीक. घरी रिमोटने जे करायचं त्याला साधं 'लावणं' पुरे. तंबोरा लावतात तसं. तिथे आधी पट्टी ठरते, काळी एक की पांढरी चार, आणि मग तारा. टीव्हीचीही पट्टी ठरलेली असते : पांढऱ्याची छटा डी-६५ (दिवसाच्या उजेडाचं प्रमाणित पांढरं), एचडीचे रंग रेक-७०९ (एचडी व्हिडिओच्या रंगांचं ठरलेलं प्रमाण), आणि गॅमा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती गडद हे ठरवणारा आकडा, अंधाऱ्या खोलीत २.४, दिवा असेल तर २.२. पट्टी न धरता नुसते आकडे खाली-वर केले तर ते 'सेटिंग बदलणं' झालं, लावणं नव्हे.

उत्तर : 'उजळपणा'ला माझी हरकत आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ब्राइटनेसची कळ फिरवली की अख्खा सिग्नल वर-खाली सरकायचा, म्हणून ते नाव पडलं. प्रत्यक्षात त्या कळीने ठरतं ते काळं कुठे संपतं हे. व्हिडिओत ० ते २५५ च्या मापावर काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर असतं. 'एव्हीएस एचडी ७०९' या मोफत चाचणी-चित्रांत काळ्या पार्श्वभूमीवर लुकलुकणाऱ्या पट्ट्या असतात. १७ ची पट्टी जेमतेम दिसावी, १६ आणि त्याखालच्या दिसूच नयेत. कळ जास्त वर गेली तर रात्रीच्या प्रसंगात काळा कोट राखाडी होतो; खाली गेली तर कोटाच्या घड्या, केस, सावलीतला चेहरा सगळं एकाच डागात जातं. म्हणून 'काळ्याची पातळी' म्हणा. कॉन्ट्रास्ट म्हणजे तसंच 'पांढऱ्याची पातळी' : २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसायला हव्यात.

उत्तर : पातळी हा शब्द बरोबर, पण मेनूत तो शोधताना सांभाळा. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हींत 'ब्राइटनेस' म्हणजे पडद्यामागचा दिवा, आणि काळ्याची पातळी 'ब्लॅक लेव्हल' या नावाखाली. सॅमसंगच्या अलीकडच्या मॉडेलांत 'ब्राइटनेस' हा दिवाच, काळं 'शॅडो डिटेल'मध्ये. एलजीच्या काही मॉडेलांतही 'ब्लॅक लेव्हल' आहे, पण ते तिसरंच : एचडीएमआयवरून येणारा सिग्नल १६–२३५ धरायचा की ०–२५५, एवढंच ते ठरवतं. लॅपटॉप ०–२५५ पाठवतोय आणि टीव्ही १६–२३५ समजतोय, तर सावल्या गिळल्या जातात. उलट झालं तर चित्र पांढुरकं, धुतल्यासारखं. अशा वेळी काळ्याची पातळी फिरवून काही साधत नाही. आधी दोन्ही टोकांना एकच मर्यादा निवडा. दिव्याला मात्र 'उजेड' म्हणा. तो खोलीप्रमाणे हवा तेवढा ठेवावा, त्याने पातळ्या बिघडत नाहीत.

उत्तर : खरी गंमत 'वॉर्म'ची. डी-६५ म्हणजे सुमारे ६५०० केल्व्हिन (प्रकाशाच्या छटेचं माप), आणि बहुतेक टीव्हींत 'वॉर्म' निवडल्यावर चित्र त्याच्या आसपास येतं. आता ट्यूबलाइटचं खोकं बघा : त्यावर ६५०० ला 'कूल डेलाइट' लिहिलेलं असतं! आकडा तोच, टीव्हीवर उबदार, छताला गार. कारण टीव्हीचं 'स्टँडर्ड' किंवा 'व्हिव्हिड' त्याहून बरंच निळं असतं. त्या मानाने ६५०० पिवळट वाटतं. दोन-तीन दिवसांत डोळा सरावतो, तोवर परत जाऊ नये. मी 'पिवळसर / निळसर छटा' म्हणेन. उष्ण-शीत नकोच, केल्व्हिन वाढला की छटा 'थंड' होते हे कोणाला समजावत बसणार?

उत्तर : शार्पनेसला 'धार'. ती वाढवून तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ उमटते. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं जवळून पाहा. रेघ जाईपर्यंत कमी करा. सगळीकडे शून्य मात्र नको : सोनीच्या बऱ्याच टीव्हींत तटस्थ आकडा ५० आहे, त्याखाली चित्र पुसट होतं.

प्रश्न : मग क्रम काय ठेवायचा?

उत्तर : अर्धा तास टीव्ही चालू ठेवा, खोलीत रोजचाच दिवा. मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. वीजबचत, उजेडाचा सेन्सर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (दृश्यागणिक काळं-पांढरं आपोआप बदलणारा पर्याय) बंद. हलती दृश्यं 'गुळगुळीत' करणारा पर्यायही बंद, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. मग छटा, उजेड, काळं, पांढरं. नंतर पुन्हा काळं, कारण पांढरं हलवलं की काही टीव्हींत तेही थोडं सरकतं. शेवटी धार. नेटवरून कुणाचे लाल-हिरवा-निळ्याचे आकडे उतरवू नका. एकाच मॉडेलचे दोन पॅनेलही सारखे नसतात. आणि बऱ्याच टीव्हींत हे सगळं त्या-त्या एचडीएमआय पोर्टपुरतंच जतन होतं, एचडीआरचं (काळ्या-पांढऱ्यात जास्त अंतर ठेवणाऱ्या व्हिडिओचं) तर वेगळंच. सेट-टॉप बॉक्सवर लावलेलं पेनड्राइव्हला लागू झालं नाही, तर टीव्हीला दोष देऊ नका.