डेकचं पाणी उंबऱ्याकडंच येतंय, काय करावं?

औसेकर: नमस्कार मंडळी. शेतातल्या घरापुढं औंदा एप्रिलात लाकडी डेक केला, म्हणजे खांबांवर फळ्यांचा ओटा. मीच केला, सुतार नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आजोबांनी माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकलेलं छत, उतरवलं होतं, त्याच्या सागवानी तुळया गोठ्यात पडून होत्या. त्या सॉ मिलवर चिरून आणल्या. घराच्या कडेनं १२ फूट, अंगणाकडं १०. फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) ढाळ अंगणाकडं दिला, लेव्हल नळीनं दोनदा बघून. तरी आता पाणी उंबऱ्यापाशी साचायलंय. सांध्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात, अन् काल फळ्यांखालच्या एका आडव्या कडीत स्क्रू ड्रायव्हर निम्मा आत गेला. बायको म्हणते, भूकंपात टिकलेलं लाकूड तुमच्या हातात नाही टिकलं. घराकडचे खांब उंच करू, का बाहेरचे कापू?

गच्चीवाला: फटीत सिलिकॉन भरा, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा. विषय संपला.

परभणीचा मिस्त्री: सिलिकॉन अजिबात नको. आत गेलेलं पाणी मग बाहेरच येणार नाही. दादा, खांब कशात रोवलेत?

औसेकर: काळ्या मातीत, दीड फूट खाली, सिमेंटचा गोळा करून.

परभणीचा मिस्त्री: मग तुमचा ढाळ चुकला नव्हता, माती हलली. एप्रिलात काळी माती भेगाळून बसलेली असते. पावसात ती फुगते. घराच्या पत्र्याखाली कोरडं राहतं, अंगणाकडं भिजतं, म्हणून बाहेरचे खांब वर येतात. आत्ता खांब कापलात तर उन्हाळ्यात ते परत खाली बसतील अन् डेक घसरगुंडी होईल. पाणी आटल्यावर मुरूम लागेपर्यंत खोदा, पाया तिथून उचला, अन् लाकूड जमिनीत न गाडता लोखंडी बैठकीवर उभं करा. फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट हवी. सडलेली कडी बदला, बाकीच्यांच्या माथ्यावर डांबरी पट्टी मारा. पाणी थांबतं ते तिथंच.

नांदेडकर: पत्र्याच्या पागोळ्या डेकवर पडत असतील तर आधी पन्हळ लावा राव. अन् शोषखड्डा करणार असाल तर तोही मुरमापर्यंत न्या. नुसत्या काळ्या मातीतला खड्डा म्हणजे डासांचं तळं.

औसेकर: मिस्त्री, नळी लावून बघितलं. बाहेरचे तिन्ही खांब दीड इंच वर आलेत! मीच दोन महिने स्वतःला शिव्या घालत होतो. पागोळ्याही डेकवरच पडत होत्या, कालच पन्हळ लावली, पाणी चरातून लिंबाच्या झाडाकडं काढलं. उंबऱ्यापाशी आता निम्मंच साचतं. फळ्या मी एकमेकींना चिकटवूनच ठोकल्या होत्या, माळवदासारख्या. पण आजोबा वरून पांढरी माती टाकायचे, मी काहीच नाही टाकलं. एक आड एक फळी उचलून ठेवलीय. चालताना पाय जपून टाकावा लागतो, बायको परसदारानंच ये-जा करायलीय.