मदत हवी आहे: डिंगीची जिब अर्धी गुंडाळून चालवता येते का?

मंडळी, आमच्या डिंगीच्या (छोट्या शिडाच्या होडीच्या) पुढच्या शिडाला, म्हणजे जिबला, फर्लर (शीड गुंडाळायची यंत्रणा) आहे. खाली नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) ड्रम, वर हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोराला) स्विव्हल (फिरता सांधा) आणि लफमध्ये (शिडाच्या पुढच्या कडेत) शिवलेली वायर. शीट, म्हणजे शीड ताणायचा दोर, ओढून शीड उघडलं की फर्लिंग लाइन (गुंडाळायची दोरी) ड्रमवर गुंडाळली जाते. शीट सैल सोडून ती लाइन ओढली की ड्रम फिरतो आणि शीड लफभोवती मिटतं. पूर्ण मिटायला हे झकास चालतं.

अडचण वारा वाढल्यावर येते. जिब अर्धी ठेवली की खालचा भाग घट्ट गुंडाळतो, वरचा मात्र तसाच फुगलेला. वायरला पीळ बसत असणार, कारण ड्रम दोन-तीन फेरे फिरतो तरी वरचा स्विव्हल जेमतेम हलतो. हॅलयार्ड कडक केल्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शिवाय उरलेल्या शिडाला पोट फार, वाऱ्यावर चढताना (वारा येतो त्या बाजूला जाताना) होडी नुसती आडवी सरकते.

वायरऐवजी लफला ताठ अॅल्युमिनियमची नळी बसवून कोणी खरंच रीफिंग (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) केलंय का? जिब लहान केल्यावर शीटचा ब्लॉक (कप्पी) किती पुढे घेता? की मेनसेल (मुख्य शीड) रीफ करून जिब पूर्णच मिटवावी? नुसत्या मेनसेलवर टॅक करताना (नाक वाऱ्यातून वळवून बाजू बदलताना) होडी मध्येच अडकेल, याची मला धास्ती वाटते. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.