मदत हवी आहे: दिवस राहण्यासाठी आहार, गोळ्या आणि तारखांचं गणित (कोल्हापूर)

करवीरकाठ

नमस्कार. थेट मुद्द्याचं लिहिते. वय ३१, मिस्टरांचं ३४. माझी उंची १५४ सेंमी, वजन ६६ किलो. पाळी ३४ ते ३८ दिवसांनी येते. वर्ष होत आलं, दिवस राहिलेले नाहीत. मोबाइलमधलं ॲप १२ ते १६ हे दिवस दाखवतं, तेच आम्ही धरतो.

रिपोर्ट: टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ४.८, हिमोग्लोबिन १०.९, २१ व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) ०.६. शेवटचा आकडा बघून ओळखीतल्या एकांनी "बीजच तयार होत नाही" असं सांगून टाकलं. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर असतात, सकाळी तालीम. त्यांची तपासणी झालेली नाही.

सध्या सुरू असलेलं: शतावरी कल्प दोन वेळा दुधातून, गुळाचा चहा, केसांसाठी बायोटिनची गोळी, मिस्टरांसाठी मेडिकलमधून आणलेली एक महागडी पावडर. आम्ही मटण-मासे खातो. सोमवार-गुरुवार माझे उपास. यातलं काय ठेवू, काय बंद करू? आणि फॉलिकची गोळी किती मिलिग्रॅमची?

सूक्ष्मदर्शी

ताई, गोळ्यांच्या आधी तारखा बघा, कारण घोळ तिथेच दिसतोय.

बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. मागच्या पाळीनंतर १४ व्या दिवशी नाही. २८ दिवसांच्या पाळीत दोन्ही गणितं एकाच दिवशी येतात म्हणून सगळ्यांना १४ पाठ झालंय. तुमच्या ३४ ते ३८ च्या पाळीत बीज २० ते २४ व्या दिवसाच्या आसपास सुटत असणार. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू शरीरात जास्तीत जास्त ५ दिवस. म्हणजे १६ व्या दिवसाचे शुक्राणू २२ व्या दिवसापर्यंत पोचतच नाहीत. ॲपमध्ये पाळीची लांबी २८ अशीच राहिली असेल, सेटिंग उघडून बघा.

जुना हिशोब असा: सर्वात लहान पाळीतून १८ वजा करा, सर्वात मोठीतून ११. तुमचं येतं १६ ते २७. या काळात दिवसाआड संबंध ठेवा. रोज ठेवले तरी बिघडत नाही, पण "साठवून ठेवू" म्हणून आठवडाभर थांबणं चूक. जास्त दिवस थांबलं की शुक्राणूंची संख्या वाढते, पण हालचाल मंदावते.

प्रोजेस्टेरॉनचंही तेच. ही तपासणी पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी करायची असते. २८ ची पाळी असली तरच तो २१ वा दिवस येतो. तुमचं २१ व्या दिवशी बीज सुटलंही नसेल, मग ०.६ येणारच. २७ व्या दिवशी करा, कमी आलं तर पाळी येईपर्यंत दर आठवड्याला पुन्हा. ३ च्या वर गेलं की बीज सुटलं असं धरतात. आत्ताच्या रिपोर्टवरून "बीज तयार होत नाही" म्हणता येत नाही, आणि होतंय असंही म्हणता येत नाही.

टीएसएचच्या आधी बायोटिन बंद करा. केसांच्या गोळीत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं आणि बऱ्याच यंत्रांवर टीएसएच खोटं कमी दाखवतं. निदान दोन दिवस बंद ठेवून टीएसएच पुन्हा करा, सोबत टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडचीच आणखी एक रक्ततपासणी). ४.८ खरं असेल तर दिवस राहण्याआधी उपचार लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण हा आकडा फाइलमध्ये ठेवून विसरायचा नाही.

गोळीपुडी

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम. दिवस राहण्याआधी निदान महिनाभर, शक्यतो तीन महिने, आणि नंतर १२ आठवड्यांपर्यंत. घाई एवढ्यासाठी की बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ धरल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली म्हणून तपासून, डॉक्टरांकडे जाऊन गोळी सुरू करेपर्यंत ते काम उरकलेलं असतं.

काउंटरवर नुसतं "फॉलिक द्या" म्हटलं की बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची स्ट्रिप हातात येते. ती साडेबारापट झाली. ५ ची गोळी आधीच्या बाळाला मणक्याचा दोष, मधुमेह, फिटची औषधं, थॅलेसेमिया, वजन खूप जास्त अशा बायकांना डॉक्टर लिहून देतात. स्ट्रिपच्या मागे "एमसीजी" आहे की "एमजी" ते वाचून घ्या. शाकाहारी बाईने मोठा डोस सुरू करण्याआधी बी-१२ तपासावं, नाहीतर बी-१२ ची कमतरता रक्ताच्या रिपोर्टमध्ये झाकली जाते आणि नसांना मार बसतो. आशाताई देतात ती लाल गोळी वेगळी: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, तीही आठवड्याला एक. तिच्यावर रोजची गरज भागत नाही.

हिमोग्लोबिन १०.९ म्हणजे ॲनिमिया आहे (१२ च्या खाली). लोहाची गोळी किती आणि किती दिवस हे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून ठरवून घ्या. घेताना लिंबूपाण्याबरोबर, चहा-दुधापासून निदान तासभर लांब. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर ती पहाटे उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासानंतर, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी. तिन्ही एकत्र गिळायच्या, वर चहा प्यायचा आणि मग "गोळी लागू पडत नाही" म्हणायचं, हे रोजचं चित्र आहे.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी कमतरता असेल तर आठवड्याला एक असते. रोज घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

शतावरी कल्पाच्या डब्यावरचा मजकूर वाचा, त्यात सर्वात जास्त साखर असते. दोन वेळा म्हणजे रोज चार-पाच चमचे साखर वरून. बंद करा. अश्वगंधाही स्वतःच्या मनाने नको, थायरॉइडच्या आकड्यात ढवळाढवळ करते. आणि "मुलगाच होईल" म्हणून कुणी पुडी दिली तर ती घरातही ठेवू नका. लिंग ठरवून देणारं औषध नसतं, आणि त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

बीज सुटण्याच्या दिवसांत अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक टाळा, त्याने बीज फुटायचं अडू शकतं. पॅरासिटामॉल चालेल.

नाचण्याची भाकरी

बीएमआय २७.८ येतो. आपल्याकडच्या निकषाने २३ च्या पुढे जास्त. लांबलेली पाळी पीसीओएसमुळे (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल तर ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी बऱ्याच जणींची बीज सुटण्याची गाडी रुळावर येते. तुमच्या बाबतीत ते ३.३ ते ६.६ किलो. वीस किलोचं ओझं डोक्यावर घेऊ नका.

उपासाबद्दल आधी. साबुदाणा खिचडी, बटाटा, वरीचा भात, गूळ-शेंगदाणा लाडू असा उपास आठवड्यातून दोनदा म्हणजे दोन दिवस नुसता स्टार्च. उपास सोडा असं म्हणत नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही, भोपळ्याची भाजी, मूठभर शेंगदाणे, एक फळ असा करा.

रोजचं ताट: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, एक किंवा दीड भाकरी (ज्वारी, नाचणा), एक वाटी घट्ट आमटी किंवा उसळ, वाटीभर दही. भात अर्धी वाटी. आमटी घट्ट हवी, वरचं पाणी नको, प्रथिनं तळाशी असतात. मटणाच्या दिवशी पांढरा रस्सा वाट्यांनी पिण्यापेक्षा सुक्यातले तुकडे खा, लोह तिथे आहे. कलेजी मात्र आत्तापासून बंद. त्यातलं अ जीवनसत्त्व गर्भाला जास्त होतं. मासळीत बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा चांगली. मोरी (शार्क) नको आणि सुरमई क्वचितच, मोठ्या माशांत पारा साठतो. मिसळीतली मटकी उत्तम, त्यावरची तर्री आणि सोबतचे ब्रेडचे स्लाइस त्रासाचे. मटकी घरी वाफवून लिंबू पिळून खा.

गूळ आपला, त्याचा अभिमान आहेच. पण इन्सुलिनला साखर आणि गूळ यातला फरक कळत नाही. "लोह मिळतं" म्हणून तीन कप गुळाचा चहा घेणं तोट्यात जातं: लोह नगण्य, आणि चहा जेवणातलं लोह अडवतो. चहा-कॉफी दिवसाला दोन कप, जेवणापासून तासभर लांब.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत. रंकाळ्याला गप्पा मारत, मध्ये भेळेला थांबत मारलेली फेरी यात धरू नका :) आठवड्यातून दोन दिवस वजनं किंवा उठाबशा.

मिश्री लावत असाल तर आजच बंद. ती तंबाखूच आहे, लावणाऱ्यांना हे पटत नाही.

करवीरकाठ

ॲपमध्ये खरंच २८ होतं! बायोटिन आणि कल्प बंद केलं. मिश्री नाही. मिस्टरांना तपासणीचं सांगितलं तर "मला काय धाड भरलीय" म्हणतात. मावा (तंबाखू-सुपारीचा) खातात. तालमीत लंगोट, नंतर गंगावेशीत धारोष्ण दूध, मग ड्युटी. इंजेक्शन वगैरे काही घेत नाहीत असं म्हणतात.

तालीमवाला

वहिनी, दादांना हे वाचायला द्या.

दादा, पिळदार अंग आणि शुक्राणू यांचा काही संबंध नाही. दंड केवढा का असंना. अंडकोष शरीराबाहेर आहेत कारण त्यांना अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. लंगोट मेहनतीपुरता. आखाड्यातनं आलं की सुती सैल चड्डी. भट्टीसमोरची ड्युटी बदलून मिळत असंल तर तीन-चार महिने मोल्डिंग नाहीतर फेटलिंगला मागून घ्या. नाही मिळाली तर दर तासाला जरा बाहेर वाऱ्याला या. गरम पाण्याच्या टबात बसायचं नाही.

धारोष्ण दुधाचा नाद सोडा. कच्च्या दुधातनं ब्रुसेलाचा ताप येतो, गड्याला त्यात अंडकोष सुजतात, बाईला पोटुशी असताना तो जास्तच वाईट. तेच दूध घरी आणा, उकळून प्या. ताकद कुठं जात नाही.

इंजेक्शनचं खरं सांगा. टेस्टोस्टेरॉन बाहेरनं घेतलं की मेंदूला वाटतं कोठार भरलंय, आणि शुक्राणूंचा कारखाना बंद होतो. सोडल्यावर परत सुरू व्हायला महिने जातात. डॉक्टरला लपवू नका. पावडरीचा डबा सीलबंद, बिलासकट असंल तरच. आणि मावा बंद, त्याला पर्याय नाही.

सूक्ष्मदर्शी

अर्धी कारणं पुरुषाकडे सापडू शकतात आणि ही तपासणी सर्वात स्वस्त, विनावेदना. तुमची गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी व्हायच्या आधी ती व्हायला हवी.

नियम: २ ते ७ दिवस संबंध किंवा वीर्यपात नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचा तर लॅबच्या निर्जंतुक डबीत, शर्टाच्या आतल्या बाजूला अंगाच्या उबेत, अर्ध्या तासात, फार तर तासात पोचवा. कागल-हातकणंगल्याहून स्कूटरच्या डिकीत आणला तर हालचाल मेलेली दिसणारच. साधा कंडोम, तेल, साबण वापरायचा नाही. थोडा सांडला तर सांगा, विशेषतः पहिला भाग, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात.

२०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादा: प्रमाण १.४ मिलि, दर मिलिला १.६ कोटी, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आकार चांगला असलेले ४ टक्के. "फक्त ४ टक्के नॉर्मल" बघून घाबरू नका, तिथे ४ हे पासिंगच आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट बिघडतो. खराब आला तर लगेच निष्कर्ष नको, पुन्हा करा. मावा सोडल्याचा फरकही तीन महिन्यांनीच दिसेल.

पावडरीबद्दल: पुरुषांना झिंक आणि फॉलिक देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. मुलं होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. ते पैसे तपासणीला वापरा.

दोघांची थॅलेसेमियाची एचपीएलसी आणि तुमची रुबेलाची आयजीजी या रक्ततपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या. रुबेलाची लस घ्यावी लागली तर नंतर महिनाभर थांबावं लागतं. खाजगीत परवडत नसेल तर सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) स्त्रीरोग ओपीडीला विचारा, काय काय होतं ते.

करवीरकाठ

सगळ्यांचे आभार. मिस्टर सोमवारी जातो म्हणालेत. बीज सुटण्याचे दिवस लघवीतून ओळखायचं किट आणलंय. १७ व्या दिवसापासून रोज करते, दुसरी रेघ रोज फिकट येते. म्हणजे थोडं थोडं पॉझिटिव्ह का? आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

सूक्ष्मदर्शी

नाही. प्रेग्नन्सीच्या किटवर फिकट रेघही मोजतात, यावर नाही. इथे दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद झाली तरच पॉझिटिव्ह. फिकट रेघ सगळ्यांना जवळजवळ रोज दिसते. दुपारी २ ते रात्री ८ मध्ये एकच वेळ ठरवा, आधी दोन तास पाणी कमी प्या, पट्टी पाकिटावर लिहिलेल्या मिनिटालाच वाचा, नंतर वाळल्यावर नको. गडद झाली की त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस संबंध ठेवा. दिवसाआड चालू असेलच तर किटची वाट बघत थांबू नका. पांढरं पाणी अंड्याच्या बलकासारखं तार धरू लागलं तर किट काहीही म्हणो, तेच दिवस.

रेघ पाच-सहा दिवस सलग गडद राहिली तर किट फेकू नका, फोटो काढून ठेवा. पीसीओएसमध्ये असं होतं आणि डॉक्टरांना ते उपयोगी पडतं.

डॉक्टरांचं: ३५ च्या आत वर्ष, ३५ नंतर सहा महिने असा नियम आहे, पण पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल तर तो लागू नाही. तुम्ही याच महिन्यात जा. सोबत मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, बायोटिन बंद करून केलेलं टीएसएच आणि मिस्टरांचा रिपोर्ट न्या.

गोळीपुडी

अंड्याचा बलक पिवळा असतो हो, पांढऱ्या भागासारखं म्हणायचंय त्यांना. आणि ताई, त्या काळात तेल, लाळ किंवा साधं जेल वापरू नका, शुक्राणूंची हालचाल अडते. लागलंच तर "गर्भधारणेसाठी चालेल" असं लिहिलेलं जेल वेगळं मिळतं, ते मागा.