शाळेचे निकाल आणि विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी: तुलना कशी करावी?

नमस्कार. सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या एका सरकारी शाळेच्या निकालांचा मी अभ्यास करत आहे. प्रत्येक सामाजिक-आर्थिक गटाची सरासरी सुधारत असूनही शाळेची एकूण सरासरी घसरलेली दिसते, कारण कमी सरासरी असलेल्या गटांतील, वर्षाच्या मध्यात दाखल होणाऱ्या, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले आहे. अशा वेळी शाळा मागे पडली म्हणणे शिक्षकांवर अन्यायाचे आहे. पार्श्वभूमीचा निकालांशी घट्ट संबंध असतो, हे अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालापासून ठाऊक आहेच. मग त्याच मुलांची सहावी ते आठवीची प्रगती मोजावी का? मधेच शाळा सोडणारी मुले त्यातून गळतील, ही काळजी वाटते. शिवाय गटात पाच-सहाच मुले असतील, तर एकाच्या गुणांनी सरासरी हलते आणि मूलही ओळखू येते. तिथे आकडे कसे मांडावेत?