मदत हवी आहे: गुहाशोधन मंडळाची जुनी वार्तापत्रे मोफत खुली करताना आकडे आणि गुहांची ठिकाणे कशी सांभाळावीत?

नमस्कार मंडळी,

आमच्या गुहाशोधन मंडळाच्या वार्तापत्राचे जुने अंक स्कॅन करून ते कोणालाही मोफत वाचता येतील अशा रीतीने महाजालावर ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अंक सुमारे १८० आहेत आणि प्रत्येकात साधारण वीस पाने आहेत. कित्येक अंकांची एकेकच प्रत उरली आहे. त्यांत वर्णन केलेल्या काही गुहांची तोंडे दरड कोसळून बंद झालेली असल्यामुळे तिथे पुन्हा जाऊन मोजणी करणे शक्य नाही, म्हणून त्या पानांवर जे छापले आहे तेवढीच त्या गुहांची नोंद. हे काम एकदाच, पण नीट व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्वांत जुने अंक सायक्लोस्टाइलचे आहेत. टाइपरायटरने स्टेन्सिल कापताना काही अक्षरांचा आतला गोल निसटून पडल्यामुळे शून्याच्या जागी नुसता काळा ठिपका उमटला आहे, आणि कागद पातळ असल्यामुळे पाठच्या पानाची शाई पुढच्या बाजूला दिसते. मजकुराच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण शब्द संदर्भाने लागतो. मोजणीच्या तक्त्यात मात्र स्थानक (मोजणीचा बिंदू), अंतर, दिशाकोन आणि चढ-उताराचा कोन एवढेच आकडे असतात आणि आकड्याला संदर्भाचा आधार नसतो. एका ओळीत मी दिशाकोन १३८ अंश वाचला. भिंग लावल्यावर तो १८८ वाटला. आणि सुदैवाने त्या मोहिमेची मूळ वही सापडली तेव्हा तो १८३ निघाला. वीस मीटरच्या टप्प्यावर अशी ४५ अंशांची चूक राहिली, तर तिथून पुढची सगळी गुहा नकाशात सुमारे १५ मीटर बाजूला सरकते. टेसरॅक्ट ही संगणकप्रणाली वापरून ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) करून पाहिले. लेखांचा मजकूर बराचसा शुद्ध आला, तक्ते मात्र भरवशाचे नाहीत. सगळ्या गुहांच्या वह्या उपलब्ध नसताना हे आकडे तपासायचे कसे?

दुसरा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. वार्तापत्र मूळात मोजक्या सभासदांसाठी निघत असे, त्यामुळे गुहेच्या तोंडाचे अक्षांश-रेखांश आणि पायवाटेचे वर्णन त्यात मोकळेपणाने दिलेले आहे. शोधयंत्राला सापडणारी पीडीएफ ही वेगळी गोष्ट आहे. लवणस्तंभ तोडून नेणारे लोक आहेत, आणि वटवाघळांच्या वसाहतीला हिवाळ्यातील एखादी भेटसुद्धा महागात पडते. २००६ साली न्यूयॉर्क राज्यात प्रथम आढळलेल्या व्हाइट-नोज रोगाने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळे मेली, आणि त्याच्या बुरशीचे बीजाणू माणसांच्या कपड्यांवरून व साहित्यावरून एका गुहेतून दुसरीत जाऊ शकतात. ठिकाणे झाकावीत असे मला वाटते, परंतु नुसती काळी पट्टी ओढल्याने अभ्यासकांचे नुकसान होईल, हेही दिसते. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. लेखकांच्या प्रताधिकाराचे काय करावे, हेही सांगावे.

प्रतिसाद १

अतिशय महत्त्वाचे काम आहे. आकड्यांपासून सुरुवात करतो. स्कॅन करताना पूर्ण काळे-पांढरे न निवडता राखाडी छटांमध्ये ४०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) घ्या, आणि नकाशांसाठी ६०० ठेवा. पानामागे काळा कागद ठेवला की पाठची शाई पुष्कळ कमी दिसते. चारशे डीपीआयला ए४ आकाराचे एक पान साधारण १५ मेगाबाइटचे होते, म्हणजे तुमचा सगळा संग्रह ६० गीगाबाइटच्या आत बसेल. तेव्हा मूळ टिफ फाइली जपून ठेवायला जागेची सबब नको. वाचकांसाठीची पीडीएफ लहान करताना जेबिग-२ या पद्धतीचा तपशील गाळणारा प्रकार कटाक्षाने टाळा. त्यात सारखी दिसणारी अक्षरे एकच समजून साठवली जातात, आणि २०१३ मध्ये याच कारणाने काही कार्यालयीन स्कॅनरांनी ६ च्या जागी ८ छापल्याचे उघडकीस आले होते. पान स्वच्छ दिसते, म्हणून चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

तपासणीचा आधार तक्त्यातच दडलेला असतो. आकडे दोघांनी स्वतंत्रपणे टंकून ते पडताळा आणि मग सर्व्हेक्स किंवा थेरियन या गुहामोजणीच्या संगणकप्रणालीत भरा. गुहेत जिथे वाट फिरून पुन्हा त्याच स्थानकावर येते, तिथे वेढा बंद होताना मोठी तफावत दिसली तर त्या वेढ्यातील एखादा आकडा चुकला आहे असे समजावे. १३८ आणि १८३ यांतला फरक तिथे हमखास उघडा पडेल. वेढा नसेल तर काढलेली रेषा अंकात छापलेल्या नकाशावर ठेवून पाहा. मोजणीची तारीख मात्र विसरू नका. जुने दिशाकोन होकायंत्राचे आहेत आणि चुंबकीय उत्तर वर्षागणिक सरकते. शंका उरलेला आकडा शंकेची खूण करूनच ठेवावा, अंदाजाने दुरुस्त करू नये.

प्रतिसाद २

ठिकाणांबद्दल अनुभवाने सांगते. पीडीएफवर काळा चौकोन काढला तरी त्याखालचा ओसीआरचा मजकूर तसाच राहतो आणि कोणालाही तो निवडून नकलता येतो. झाकायचे ते आधी चित्रातच पुसून टाका आणि ओसीआर त्यानंतर करा. आकड्यांइतकेच पायवाटेचे वर्णनही ठिकाण सांगून जाते, म्हणून प्रत्येक पान माणसानेच वाचायला हवे. जिथे काही काढले आहे, तिथे तसे स्पष्ट लिहा. न झाकलेली प्रत मंडळाकडे ठेवून अभ्यासकांना विनंतीवरून दाखवा. प्रवासी ज्या गुहांना रोज भेट देतात, त्यांचे ठिकाण झाकण्यात काही अर्थ नाही.

प्रताधिकार सहसा लेखकाचा असतो, आणि वार्तापत्रासाठी लेख दिला म्हणजे मंडळाला सर्व हक्क मिळाले असे होत नाही. हयात लेखकांना आणि वारसांना लेखी विचारा. जे सापडणार नाहीत, त्यांच्या लेखांबाबत स्थानिक कायदा काय म्हणतो ते आधी पाहा, आणि आक्षेप आल्यास लेख काढू असे पहिल्याच पानावर नमूद करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज दोन वेढ्यांचे आकडे सर्व्हेक्समध्ये भरून पाहिले. एक व्यवस्थित बंद झाला आणि दुसऱ्यात अकरा मीटरची तफावत आली. ते पान आता काळा कागद मागे ठेवून पुन्हा स्कॅन करतो आहे. आणखी एकच विचारायचे आहे: गंजलेल्या स्टेपल पिना काढताना घडीपाशी कागद फाटतो, तर पिनेखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून तिचे पाय उचलणे पुरेसे होईल का, की सायक्लोस्टाइलच्या कागदासाठी याहून सुरक्षित रीत आहे?