चॉसरची कोणती आवृत्ती घ्यावी? आणि ओळींच्या क्रमांकांचं काय करायचं?

मदत हवी आहे. चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मधली नन्स प्रीस्टची गोष्ट (कोंबडा आणि कोल्ह्याची) एमएच्या पेपरसाठी करतेय. नेव्हिल कॉगहिलचं 1951 चं आधुनिक इंग्रजी रूपांतर वाचून झालं, मस्त ओघवतं आहे, पण यमक जुळवताना शब्द बदलतात, त्यामुळे अवतरणासाठी चालणार नाही, सरांना मूळ मिडल इंग्लिशच (चॉसरच्या काळातलं इंग्रजी) हवंय. ड्रायडन या नंतरच्या इंग्रजी कवीनेही 1700 मध्ये ही गोष्ट स्वतःच्या पद्धतीने लिहिलीय, ती तुलनेसाठी ठेवलीय, त्याबद्दल अडचण नाही.

मूळ पाठासाठी स्कीट या संपादकाची 1890 च्या दशकातली आवृत्ती नेटवर फुकट मिळाली. घोळ असा की स्कीट गोष्टींचे गट ए, बी, सी असे पाडतो आणि ही गोष्ट बी गटात 4011 व्या ओळीपासून सुरू होते, तर सगळे लेख 1987 च्या 'रिव्हरसाइड चॉसर' या आवृत्तीप्रमाणे सातवा खंड, ओळ 2821 असं देतात. फरक 1190 चा, सुरुवातीच्या ओळी वजा करून बघितल्या तर जुळतात.

रिव्हरसाइड विकत घेणं बजेटबाहेर आहे, लायब्ररीतली प्रत घरी देत नाहीत. शब्दार्थ त्याच पानावर असलेलं, फक्त या एका गोष्टीचं स्वस्त पेपरबॅकही चालेल, पण स्पेलिंग मूळच हवं.

तर असं पुस्तक कुणी वापरलंय का? आणि स्कीटच्या आकड्यातून 1190 वजा करून रिव्हरसाइडचा क्रमांक दिला तर शेवटपर्यंत बरोबर येतो का, की मध्ये कुठे ओळी कमीजास्त आहेत?