क्रीट बेटावर शाकाहारी आणि मासेखाऊ अशा दोघांनीही चांगले जेवावे ते कुठे?

मृणाल
सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही ग्रीसमधील क्रीट बेटावर जाणार आहोत. मुक्काम आधी हानिया शहरात आणि नंतर हेराक्लिओनमध्ये आहे. सोबत सासू-सासरे, नवरा आणि शाळकरी मुलगी आहे. सासू-सासरे पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत; नवऱ्याला मात्र समुद्रकिनारी जाऊन मासे न खाता परतणे हा अपमान वाटतो. सासऱ्यांना रात्री आठच्या आत जेवण लागते, आणि ग्रीक लोक नऊच्या आधी जेवायला बसतच नाहीत असे ऐकले आहे.

हानियाच्या बंदरावरील उपाहारगृहांची छायाचित्रे पाहिली, तर सगळीकडे तीच निळी खुर्ची, तोच सूर्यास्त आणि तोच पास्ता दिसतो. तिथे जाऊन पिझ्झा खायचा नाही, आणि भारतीय हॉटेल शोधत फिरायचेही नाही. सासूबाईंनी मात्र छोटा कुकर आणि मेतकूट बॅगेत घालण्याची तयारी चालवली आहे. एकाच टेबलावर बसून सर्वांना पोटभर आणि त्या बेटाचेच म्हणता येईल असे जेवण मिळण्याची शक्यता आहे का? बिलाच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

स्टुटगार्टकर
शक्यता आहे, आणि ती आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहे. फक्त जेवणाची वेळ आणि जागा या दोन्ही गोष्टी आपल्याला उलट्या कराव्या लागतील.

क्रीटमधील तावेर्नांत, म्हणजे तिथल्या साध्या उपाहारगृहांत, दोन प्रकारचे पदार्थ असतात. एक म्हणजे ऑर्डर दिल्यावर भाजले किंवा तळले जाणारे मांस-मासे. आणि दुसरे म्हणजे सकाळीच मोठ्या ट्रेमध्ये किंवा पातेल्यात शिजवून ठेवलेले, ज्यांना ते मागिरेफ्ता म्हणतात. या दुसऱ्या प्रकारात भाज्या आणि कडधान्ये भरपूर असतात: टोमॅटोत शिजवलेली भेंडी, फरसबी, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गीगांतेस, काबुली चणे, वांग्याचे इमाम, भात भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरच्या. हे पदार्थ दुपारी एक ते तीनच्या दरम्यान उत्तम असतात. रात्रीपर्यंत त्यांतले चांगले संपलेले असते आणि उरलेले कोरडे पडलेले असते. म्हणून आपण दुपारचे जेवण हेच मुख्य जेवण समजावे, आणि रात्री सासऱ्यांच्या वेळेला हलके काहीतरी घ्यावे. पर्यटकांमुळे बहुतेक स्वयंपाकघरे संध्याकाळी सहा-सातलाही सुरू असतात; त्या वेळी फक्त आसपास स्थानिक माणसे दिसणार नाहीत इतकेच.

जुन्या पद्धतीच्या तावेर्नात काचेआड हे ट्रे मांडलेले असतात आणि आत जाऊन बघायला कोणी आडकाठी करत नाही. सासूबाईंना हाताला धरून तिथे न्यावे. मेनूकार्डावरच्या भाषांतरापेक्षा समोर दिसणारी भेंडी त्यांना लगेच पटेल. भाज्यांवर ऑलिव्ह तेलाचा तवंग दिसेल, त्याने बिचकू नये. 1958 मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध सात देशांच्या अभ्यासात क्रीटच्या ग्रामीण पुरुषांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण फार कमी आढळले होते, आणि ही माणसे याच तेलावर जगत होती. तेल कमी घाला असे सांगितले, तर स्वयंपाकी ऐकून घेईल. पण पदार्थ आधीच शिजलेला असल्याने काही करू शकणार नाही.

आता शाकाहाराविषयी थोडे सविस्तर. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवासाचे दिवस पुष्कळ आहेत: ईस्टरपूर्वीचे दीर्घ व्रत, ऑगस्टच्या 1 ते 14 तारखा, आणि कडक पाळणाऱ्यांसाठी वर्षातील बहुतेक बुधवार व शुक्रवार. या दिवशी मांस, दूध, चीज, अंडी आणि काट्याचे मासे वर्ज्य असतात. त्यामुळे केवळ भाज्यांवर रचलेला एक संपूर्ण स्वयंपाक तिथे शतकानुशतके तयार होत आला आहे. उपवासाच्या अशा पदार्थांना निस्तीसिमो म्हणतात आणि हा शब्द वेटरला सांगितला की दुग्धजन्य पदार्थही बाजूला पडतात. मात्र इथेच एक मोठी मेख आहे. ज्यांना काटा आणि रक्त नाही असे मानले जाते, ते ऑक्टोपस, माकुल, कोळंबी आणि शिंपले त्यांच्या उपवासाला चालतात. म्हणजे आपण निस्तीसिमो मागितले, तर वेटर पूर्ण सद्भावनेने ऑक्टोपस घालून केलेला पास्ता समोर ठेवू शकतो. तेव्हा मांस नको, मासे नको, ऑक्टोपस-कोळंबी नको आणि अंडे नको, हे चारही स्वतंत्रपणे सांगावे.

आणखी तीन ठिकाणी सांभाळावे. भरलेल्या भाज्यांत कधी नुसता भात असतो, तर कधी खिमा. बाहेरून काहीच कळत नाही. द्राक्षाच्या पानांच्या डोल्मादेसवर काही जण लिंबू आणि अंड्याचा सॉस ओततात. आणि क्रीटचा लग्नातला भात, गामोपिलाफो, हा दिसायला आपल्या मऊ भातासारखा पांढराशुभ्र असला, तरी तो बकरी आणि कोंबडीच्या सुपात शिजवलेला असतो. आजारी पडलेल्या माणसाला द्यावा असा तो दिसतो, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

हानियात आपण बंदराकडे पाठ करून पाच-सात मिनिटे आत, स्प्लांझिया या जुन्या तुर्की वस्तीत जावे. तिथल्या चौकात मोठे झाड आहे आणि सेंट निकोलसचे चर्च आहे, ज्याला एका बाजूला घंटाघर आणि दुसऱ्या बाजूला मिनार आहे. आसपासच्या गल्ल्यांतील तावेर्नांत बुरेकी अवश्य मागावे. दुधी भोपळ्याच्या कुळातली झुकिनी, बटाटा, मिझिथ्रा नावाचे ताजे चीज आणि पुदिना यांचे थर लावून भाजलेला हा पदार्थ हानियाचा स्वतःचा आहे. झुकिनीच्या फुलांत भात भरून केलेले डोल्मादेस मोसमात असतील, तर ते सोडू नयेत. हिरव्या पालेभाजीला होर्ता म्हणतात. उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात बहुधा व्लिता मिळेल, म्हणजे आपल्या माठाच्याच कुळातली भाजी. ती उकडून, वर लिंबू आणि तेल घालून देतात. फोडणी नसते, तिखट नसते, तरी ताजी असली की बरोबर ब्रेड घेऊन एक मोठी थाळी सहज संपते.

सकाळी मुलीला बुगात्सा खायला घालावा. हानियात ती मिझिथ्राने भरलेली असते. पातळ पापुद्र्यांचे तुकडे सुरीने खटाखट कापून, वर पिठीसाखर भुरभुरून देतात. खारट चीज आणि साखर एकत्र हे पहिल्या घासाला विचित्र लागते, दुसऱ्याला नाही.

खाडीकाठ
शाकाहाराची बाजू वरती उत्तम मांडली गेली आहे, म्हणून मी फक्त मृणालताईंच्या यजमानांसाठी लिहितो.

क्रीटच्या किनाऱ्यावर मोठ्या माशाची किंमत मेनूकार्डावर थाळीची नसून किलोची असते, आणि समुद्रातला चांगला मासा किलोला 50 युरोंच्याही पुढे जातो. पद्धत अशी की आपण आत जाऊन बर्फावरचा मासा निवडायचा, तो आपल्यासमोर वजनकाट्यावर ठेवून घ्यायचा, वजन आणि रक्कम तोंडाने वदवून घ्यायची, आणि मगच टेबलावर जाऊन बसायचे. यात संकोच करण्यासारखे काही नाही; स्थानिक माणूसही तेच करतो. जिथे मासा दाखवायला टाळाटाळ होते आणि ‘आजचा खास मासा आहे, तुम्ही बसा तर खरे’ असे म्हटले जाते, तिथून उठावे.

त्सिपुरा आणि लाव्राकी हे दोन मासे सर्वत्र दिसतील. ते बहुधा मत्स्यशेतीतले असतात. खायला वाईट नाहीत, पण बेटावर येऊन त्यांच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा लहान मासे मागावेत. गाव्रोस हा मांदेलीच्या कुळातला मासा आणि मारिदेस ही बोटाएवढी मासळी पिठात घोळवून अख्खी तळून देतात, डोक्यासकट खातात, आणि किंमत थाळीची असल्याने बिलाची धास्ती राहत नाही. माकुल बडीशेपेच्या पाल्याबरोबर शिजवतात, तेही मागून पाहावे. मसाला मात्र कशालाच नसतो. भाजलेल्या माशावर लिंबू आणि तेल फेटून ओततात, बस. कोकणातल्या माणसाला पहिल्या दिवशी हे अळणी वाटणारच. पण मासा ताजा असेल, तर त्याची स्वतःची गोडी त्या लिंबात जितकी कळते, तितकी तिरफळ-आगळात कळत नाही, हे मीच लिहितो आहे याचे घरी आश्चर्य वाटेल.

मेनूकार्डावर पदार्थापुढे तारांकन असेल, तर तो गोठवलेला आहे असे समजावे. तळटीप बारीक अक्षरांत असते, पण असते. कोळंबी आणि कलामारीपुढे हे चिन्ह बहुतेक ठिकाणी सापडेल.

मृणाल
दोघांचेही मनःपूर्वक आभार. गामोपिलाफोची सूचना वाचून सासूबाईंचा कुकर पुन्हा बॅगेत गेला आहे, पण बुरेकीवर त्यांची नजर आहे. दोन शंका उरल्या आहेत. हेराक्लिओन हे मोठे शहर असल्याने तिथे नेमके कुठे जावे? आणि केवळ जेवणासाठी गाडी भाड्याने घेणे योग्य ठरेल का? नवरा उजव्या बाजूने गाडी चालवायला तयार आहे, सासरे त्याच्या शेजारी बसायला तयार नाहीत.

अनघा
केवळ जेवणासाठीसुद्धा गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण क्रीटचे उत्तम जेवण समुद्रावर नसून डोंगराच्या पायथ्याच्या गावांत आहे. समुद्रकाठची बरीच उपाहारगृहे हंगामापुरती उघडतात आणि दरवर्षी नव्या गिऱ्हाइकांवर चालतात. गावातल्या तावेर्नाला मात्र हिवाळ्यातही त्याच शेजाऱ्यांना जेवू घालायचे असते.

हानियाहून दक्षिणेला सुमारे 15 किलोमीटरवर थेरिसो आहे. तिथे जाणारा रस्ता एका अरुंद घळीतून जातो, त्यामुळे सासऱ्यांना मागच्या आसनावर बसवावे. हे गाव 1905 च्या उठावासाठी ओळखले जाते आणि आता रविवारी हानियाचे लोक तिथे जेवायला येतात. प्रसिद्धी मटणाची आहे, परंतु प्रत्येक टेबलावर आधी भाज्या, चीजच्या पुऱ्या आणि दाकोस येतोच. दाकोस म्हणजे जवाचा कडक टोस्ट. त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा, तेल आणि ओरेगानो घालतात. टोमॅटोचे पाणी मुरून टोस्ट अर्धा मऊ, अर्धा कुरकुरीत झाला की खावा. आपल्या घरातील शाकाहारी मंडळींना रात्री आठच्या आत घेण्याजोगे हलके जेवण हवे असेल, तर दाकोस आणि डाळ घोटून केलेली फावा यांहून सोयीचे काही नाही. द्राकोना गावातील दूनियास या तावेर्नात तर चुलीवर, मातीच्या भांड्यांत शिजवतात आणि आत बोलावून भांडी उघडून दाखवतात. वेळ हाताशी ठेवूनच जावे.

दक्षिण किनाऱ्यावर स्फाकियापर्यंत गेलात, तर तिथली मिझिथ्रा भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी मधासकट मागावी. मुलीला आणि सासूबाईंना एकदम खूश करणारा हा एकच पदार्थ मला सुचतो. पीठ मळताना रकी या द्राक्षांच्या दारूचे थेंब घालण्याची पद्धत आहे, एवढे सासूबाईंना आधी सांगावे की नंतर, हे आपण ठरवावे.

हेराक्लिओन शहर मला जेवणाच्या बाबतीत हानियाइतके आवडले नाही. 1866 रस्त्यावरचा बाजार आता बराचसा पर्यटकांचा झाला आहे. तिथून वाळवलेली सुगंधी पाने, मध आणि ग्राविएरा चीज घ्यावे आणि पुढे जावे. मोरोसिनी कारंज्याच्या चौकातली बुगात्सा मात्र बसून खावी. 1922 नंतर आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांनी हा पदार्थ तिथे रुजवला. क्रीम भरलेल्या बुगात्साच्या सारणात अंडे असू शकते, म्हणून शाकाहारी मंडळींनी चीजची मागावी. क्नोसोसचा राजवाडा पाहून झाल्यावर दारासमोरच्या उपाहारगृहांत न शिरता तसेच दक्षिणेला आर्खानेस गावी जावे. द्राक्षमळ्यांचे गाव आहे, मोसम द्राक्षतोडणीचा असेल, आणि झाडांखालच्या चौकात बसून निवांत जेवता येते.

स्टुटगार्टकर
अनघाताईंच्या मताशी बहुतांशी सहमत. फक्त त्यांनी चीजची जी मोकळीक दिली आहे, तिला एक पुरवणी जोडतो. ग्राविएरा हे पारंपरिक पद्धतीने प्राण्यांच्या जठरातील विरजणाने केले जाते. आपले सासू-सासरे ही गोष्ट पाळत असतील, तर ते टाळावे आणि बाकीच्या ताज्या चीजबद्दलही विचारून घ्यावे.

बिलाविषयी: ब्रेड आपण न मागता येतो आणि त्याचे माणशी थोडे पैसे लावले जातात, ही फसवणूक नाही, सर्वत्र रीत आहे. जेवण संपल्यावर फळे किंवा गोड पदार्थ आणि रकीची छोटी बाटली बहुधा विनामूल्य येते. न पिणाऱ्यांनी पेल्याला हात न लावता आभार मानले तरी कोणी रागावत नाही. टिप सक्तीची नाही, वरचे सुटे पैसे ठेवले तरी चालतात. पावती न मिळाल्यास ग्राहकाने पैसे देणे बंधनकारक नाही, असे वाक्य मेनूकार्डावरच छापलेले असते. त्यामुळे हाताने कागदावर आकडा लिहून आणला, तर छापील पावती मागण्यात गैर काही नाही.

आणि बंदरावर अजिबात जाऊ नये असे नाही. वाटेत उभे राहून हातात मेनूकार्ड देणाऱ्यांना नम्रपणे नकार देऊन, जेवण आटोपल्यावर दीपगृहासमोर कॉफी घेत बसावे. खुर्चीचे भाडे त्या कॉफीत धरलेले असते, ते जेवणावर मोजण्यापेक्षा कॉफीवर मोजलेले परवडते.